संगणक गावात, कळ तुर्भ्यात

शेतकरी बंधूंनो, तुर्भ्याचा बाजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. आपण त्याला वाशी मार्केट म्हणतो, पत्त्यावर मात्र तुर्भे असतं. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून इकडे आला, १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा आला. तेव्हापासून सातारी आलं असो की लोणंदचा कांदा, आपल्या मालाची एक वाट तुर्भ्याला जातेच. मालामागोमाग माणसंही गेली. पाटण-जावळीकडच्या कितीतरी घरांतला एक गडी तिथं माथाडी आहे, नाहीतर एखाद्या गाळ्यावर मेहता म्हणून हिशेब लिहितो आहे. घर गावात आणि पोट तुर्भ्यात, असा हा दोन ठिकाणी वाटलेला संसार. आज मला या संसारात नव्यानं शिरलेल्या एका सोयीबद्दल बोलायचं आहे. घरातला संगणक लांबून मोबाइलवर चालवणं, ही ती सोय.

माझ्या थोरल्या चुलत भावाचंच उदाहरण घ्या. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या घराच्या पडवीत दूध संकलन केंद्र आहे. वजनकाटा, फॅट मोजायचं मशिन आणि कोपऱ्यात एक संगणक, एवढा पसारा. सकाळ-संध्याकाळ चाळीसेक घरांचं दूध येतं. कुणाचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, सगळं संगणकात पडतं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. आबांचं शिक्षण सातवीपर्यंत. वजन टाकणं, पावती काढणं त्यांना जमतं. पण पगाराची बिलं काढायची वेळ आली, की गाडी चिखलात रुतते. पूर्वी तालुक्याहून एक पोरगा बोलवावा लागायचा. तो यायचा त्याच्या सवडीनं, आणि तोवर पगार लटकलेला.

आबांचा मुलगा तुर्भ्याच्या भाजी मार्केटात गाळ्यावर हिशेब लिहितो. तिथं गाड्या रात्रभर लागतात, विक्रीचा गलका पहाटेपर्यंत. तो ओसरतो तेव्हा गावात कासंड्या घेऊन माणसं आबांच्या दारात उभी असतात. एका पगाराच्या दिवशी मी तिथंच ओट्यावर बसलो होतो. आबांनी पोराला फोन लावला, म्हणाले, "अडलंय रं, बघ जरा." दोन मिनिटं गेली आणि माऊसला कुणाचा हात नसताना पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. एक खिडकी उघडली, दुसरी मिटली, आणि छपाईचं मशिन करकर करत बिलं ओकू लागलं. दूध घालायला आलेली एक म्हातारी घाबरून म्हणाली, "आबा, मशिनीत भूत शिरलं का काय?" आबा हसले. "भूत न्हाय आजी, माझं पोरगं हाय. तुर्भ्यात बसलंय."

मला या प्रकाराचं कौतुक वाटलं, आजही वाटतं. पण पुढं त्याच पडवीत जे घडलं, त्यापायी हा लेख लिहावा लागतो आहे. ते सांगण्याआधी ही करामत चालते कशी, ते समजून घेऊ. कारण जी गोष्ट कळत नाही तिची एकतर भीती वाटते, नाहीतर तिच्यावर आंधळा विश्वास बसतो. दोन्ही वाईट.

ही करामत चालते कशी?

संगणकात एक छोटा प्रोग्राम बसवायचा आणि त्याचाच जोडीदार मोबाइलमध्ये घ्यायचा. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही जर्मन कंपन्यांची दोन नावं तुमच्या कानावर असतील. गुगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप हे तिसरं. पहिली दोन घरगुती वापराला फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरायची तर परवान्याचे पैसे पडतात, हेही ध्यानात असू द्या.

आता खरं काम बघा. तुर्भ्यातल्या मोबाइलमध्ये दुधाचा हिशेब जात नाही. हिशेब गावातल्या संगणकातच राहतो आणि कामही तोच करतो. तो फक्त आपल्या पडद्याचं चित्र एकसारखं पाठवत राहतो, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या बोटाची हालचाल उलट त्याच्याकडे येते. मुलानं तुर्भ्यात बोट टेकवलं, की आबांच्या पडवीत बाण टेकतो. म्हणून मोबाइल साधा असला तरी चालतो. दोघांची गाठ घालून द्यायला मधे कंपनीचा सर्व्हर असतो. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमधला ऑपरेटर "सातारा द्या" म्हटलं की तार जोडून द्यायचा, तसंच हे. असे सर्व्हर डेटा सेंटर नावाच्या इमारतींमध्ये ठेवतात. तुर्भ्याच्या शेजारीच ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहिल्या आहेत.

यासाठी तीन गोष्टी लागतात. संगणक चालू हवा, तो झोपलेला नको आणि त्याला इंटरनेट हवं. झोपलेला म्हणजे काही वेळ वापर नसला की पडदा काळा करून स्वतः निजणारा. ही सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडता येते. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनपेक्षा बरी, तरी वारं सुटलं की वीज जातेच. लाइट आल्यावर संगणकानं आपणहून सुरू व्हावं, अशीही सोय बहुतेक संगणकांत असते. जाणकाराकडून ती एकदा करून घ्यावी. इंटरनेटच्या डब्याला छोटा इन्व्हर्टर जोडला तर आणखी बरं.

लांबून यंत्र चालवणं आपल्याला नवं नाही

लांबून यंत्र चालवायची विद्या शहरातल्या बाबूंनी शोधली आणि आपण ती उसनी आणली, असं कुणी समजू नये. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळायला लागली तेव्हापासून शेतकरी या विद्येच्या मागं आहे. रात्री दोनला उठायचं, बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं आणि तिथं गेल्यावर कळायचं की लाइटच नाही. बांधावर जनावराची भीती, गवतात सापाची. या त्रासावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं उपकरण काढलं. पंपाच्या स्टार्टरला एक मोबाइल जोडलेला. शेतकऱ्यानं घरून त्याला फोन लावायचा. आवाजावरून लाइट आहे की नाही ते कळायचं, आणि ठरलेले आकडे दाबले की पंप चालू, पुन्हा दाबले की बंद. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला बक्षीस मिळालं. आज मोबाइल स्टार्टर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो.

दुसरं उदाहरण शेजारच्या वारणेचं. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावांना संगणकानं जोडायचं, उसाची नोंद, वजन आणि पैसे यांची माहिती गावातच द्यायची, असा त्याचा बेत होता. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातली माणसं तिथं आली. त्यांना दिसलं की जगाची माहिती मिळावी म्हणून ठेवलेले हे संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबालाच वापरले जातात. मग त्यासाठी गावोगाव संगणक कशाला? त्यांनी २००६-०७ च्या सुमारास सात गावांत वेगळा प्रयोग केला. संगणक एका जागी ठेवला आणि त्याला मोबाइल जोडला. शेतकऱ्यानं आपल्या साध्या फोनवरून ठरलेल्या नमुन्याचा एसएमएस पाठवायचा, संगणक त्याला उत्तर देणार. म्हणजे मोबाइलवरून लांबच्या संगणकाला कामाला लावायचं काम आपल्या ऊसकऱ्यानं कधीच करून दाखवलं आहे. तेव्हा आजचे हे प्रोग्राम जन्मायचे होते, किंवा नुकते कुठं पाय टाकत होते.

मात्र इथं एक फरक आहे, आणि माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ त्यात आहे. पंपाच्या मोबाइलला दोनच कामं येतात, चालू आणि बंद. वारणेच्या संगणकाला ठरलेले प्रश्नच विचारता येत होते. चुकून भलत्या माणसाच्या हाती तो नंबर गेला असता, तर फार तर पंप चालू राहिला असता, नाहीतर एखाद्याच्या उसाचं वजन दुसऱ्याला कळलं असतं. आजच्या प्रोग्रामचं तसं नाही. तो एकदा आत आला की सगळा संगणक त्याचा. दुधाचा हिशेब, फोटो, ईमेल, बँक, सरकारी दाखले, जे जे त्या पडद्यावर उघडतं ते ते सगळं. पंपाच्या वेळी आपण फक्त बटणाची दोरी लांब केली होती. आता घराची किल्ली लांब पाठवतो आहोत.

पंपाचीच आणखी एक गोष्ट आठवा. मोबाइल स्टार्टरच्या आधीपासून ऑटो स्विच होता, अजूनही आहे. लाइट आली की पंप आपणहून सुरू. शेतकऱ्याची झोपमोड वाचली, पण एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, भार पडतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग आठ-दहा दिवस सगळ्यांचंच पीक वाळतं. म्हणून ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे. मालकाला न विचारता चालू होणारं यंत्र सोयीचं दिसतं, त्याचं बिल मात्र भलत्याच वेळी येतं.

तोच नंबर परक्याला दिला

आता आबांच्या पडवीतली दुसरी गोष्ट. मुलानं जो प्रोग्राम बसवला होता, त्यात संगणकावर नऊ आकडी नंबर दिसायचा. मुलगा फोन करून तो विचारायचा, आबा वाचून दाखवायचे. मग पडद्यावर 'स्वीकारा' असं बटण यायचं, आबा ते दाबायचे आणि बाण हलू लागायचा. वर्षभरात आबांचा हात असा बसला होता, की डोळे मिटून करतील.

एका दुपारी फोन आला. बोलणारा मराठीच, नम्र. "साहेब, तुमचं मागचं वीजबिल आमच्याकडे अपडेट दिसत नाही. आज रात्री साडेनऊला लाइन तोडतील." संकलन केंद्राची लाइन गेली तर संध्याकाळच्या दुधाचं काय, या विचारानं आबांचा जीव वर-खाली झाला. बिल भरलेलं होतं, पावती होती. तो म्हणाला, "असेल, पण सिस्टीमला दिसत नाही. काळजी नको, मीच करून देतो. संगणक आहे ना घरी?" पुढं त्यानं जे जे विचारलं ते आबांच्या ओळखीचं होतं. नऊ आकडी नंबर विचारला, आबांनी दिला. 'स्वीकारा' दाबा म्हणाला, आबांनी दाबलं. बाण हलू लागला. आबांना धीर आला, कारण बाण हलला की काम होतं, हाच त्यांचा वर्षभराचा अनुभव. मग दहा रुपये भरायला त्यानं बँकेचं पान उघडायला लावलं आणि फोनवर आलेला ओटीपी वाचायला सांगितला. पाच-सात मिनिटांत छप्पन्न हजार रुपये गेले. ते आबांचे नव्हते. दोन दिवसांनी वाटायचा दुधाचा पगार होता.

लक्षात घ्या, आबा अडाणी होते म्हणून फसले नाहीत. ते शिकले होते म्हणून फसले. आपल्याच पोरानं, आपल्याच सोयीसाठी त्यांना नंबर सांगायची आणि 'स्वीकारा' दाबायची सवय लावली होती. ज्या दारानं पोरगा यायचा, त्याच दारानं चोर आला, आणि दार उघडणारा हातही तोच.

संध्याकाळी मुलाला कळलं. त्यानं तुर्भ्यातूनच १९३० ला फोन केला, आबांनी बँक गाठली. थोडी रक्कम मधेच अडकवता आली, बाकीची गेली. आबांनी मेव्हण्याकडून उसने घेऊन चाळीस घरांचा पगार ठरल्या दिवशी वाटला. कुणाला एक दिवसाचाही उशीर झाला नाही. पण त्या महिन्यात त्यांच्या गोठ्यातली एक गाय कमी झाली.

असे प्रकार काल-परवा सुरू झालेले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, की ग्राहकाला हा प्रोग्राम घ्यायला लावून त्याचं खातं रिकामं केलं जात आहे. वीज तोडण्याचा धाक घालणारे संदेश २०२२ मध्ये महाराष्ट्रभर फिरले. आणखी एक गोष्ट कानात जपून ठेवा. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं असा दंडक घातला, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकानं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याला तोशीस पडू नये. पण ग्राहकानं स्वतः गुप्त आकडा दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं.

प्रोग्राम वाईट आहे, असं म्हणायचा माझा हेतू नाही. कुऱ्हाड लाकडं फोडते, पायावरही पडते. पण कुऱ्हाड दुसऱ्याच्या हाती देताना आपण चेहरा बघतो, इथं चेहरा दिसतच नाही.

ग्रामपंचायतीच्या संगणकाचं काय?

आता थोडं गावच्या कारभाऱ्यांशी बोलतो. आबांच्या पडवीतला संगणक निदान एका घराचा होता. तुमच्या ग्रामपंचायतीत जो संगणक आहे तो सगळ्या गावाचा आहे. २०११ पासून संग्राम प्रकल्प, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्र, असं करत ग्रामपंचायतीचं दप्तर संगणकावर आलं. २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज आलं आणि वित्त आयोगाच्या निधीचे पैसे सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीनं निघू लागले. ही सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका खुंटीत असते, तिलाच आपण डोंगल म्हणतो. खुंटी संगणकाला लावायची, पिन टाकायचा, सही झाली.

आता आपल्या मनाला विचारा, तुमच्या गावात ती खुंटी कुठं आहे? सरपंचांच्या घरच्या कपाटात, का कार्यालयातल्या संगणकालाच लटकलेली? पिन कोणाला ठाऊक आहे? सरपंच म्हणतात, "आपल्याला काय त्यातलं कळतं, पोरगं करतंय सगळं." ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावांचा कारभार, ते म्हणतात, "मी रोज कुठं येऊ?" मग अडचण आली की तालुक्याहून किंवा आणखी कुठून तरी एखादा जाणकार लांबून संगणकात शिरतो आणि काम करून देतो. काम होतं, सगळे खूश. पण त्या वेळी खुंटी लावलेली असेल आणि पिन त्याला माहीत असेल, तर तो केवळ संगणकात शिरलेला नसतो. तो सरपंचांच्या खुर्चीत बसलेला असतो.

हा संशय मी कुणावर घेत नाही. संगणक परिचालकांनी अपुऱ्या मानधनावर वर्षानुवर्षं गावाचं काम ओढलं आहे, त्यांचे उपकारच आहेत. पण उद्या पैसा भलतीकडे गेला, तर चौकशीच्या कागदावर नाव कुणाचं येईल? ज्याची सही त्याचं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की डिजिटल सहीची किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याची सही त्यानंच घ्यायची. "मला त्यातलं कळत नव्हतं" ही सबब तिथं चालायची नाही. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते चावडीवर ठेवायची सरपंचांची छाती होईल का? मग खुंटी लावून ठेवायची कशी होते? हेच तलाठी भाऊसाहेबांना. सातबारा आणि फेरफार तुमच्या डिजिटल सहीवर उभे आहेत, आणि त्यांच्या खाली आमची जमीन आहे.

लांबून मदत घेऊ नका, असं नाही. घ्या. पण मदत घेताना खुंटी काढून खिशात ठेवा. काम करणारा शिरला कधी, निघाला कधी, काय केलं, हे एका वहीत लिहून ठेवा. तो काम करत असेल तोवर आपलं माणूस पडद्यासमोर बसलेलं असू द्या. घरात गवंडी काम करत असतो तेव्हा घरचं कुणीतरी थांबतं की नाही? तेवढंच.

तर मग करावं काय?

आबांच्या मुलानं त्या प्रसंगानंतर घरची व्यवस्था बदलली. ती मला पटली, म्हणून तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट, घरच्या माणसाला नंबर सांगावाच लागणार नाही अशी मांडणी केली. या प्रोग्राममध्ये कायमचा पासवर्ड ठेवता येतो. तो फक्त मुलाला ठाऊक आहे, आणि त्यावर मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या खात्रीचं कुलूप आहे. आता मुलाला घरच्या संगणकात यायचं तर तो आपल्या किल्लीनं येतो. आबांना काही वाचून दाखवायचं नाही, काही दाबायचं नाही. यामुळं एक सोपा नियम तयार झाला. आकडा मागणारा कुणीही असो, तो चोर. आधी आबांना खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखावं लागत होतं, ते भल्याभल्यांना जमत नाही. आता ओळखायची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट, त्या संगणकावरून बँक बंद. दुधाचा हिशेब एका जागी, पैसा दुसऱ्या जागी. बियाणं आणि औषध आपण एका पोत्यात ठेवत नाही, तसंच.

तिसरी गोष्ट मोबाइलची. गाळ्यावरच्या गर्दीत मोबाइल हरवणं काही नवलाचं नाही. तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती घरच्या संगणकाची किल्ली पडू नये, म्हणून मोबाइलला कुलूप हवंच. हरवलाच तर त्याच दिवशी दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलायचा. पासवर्ड अधूनमधून तसाही बदलावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं, की आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाली. कुलूप करणाऱ्याच्या घरीही चोरी होते.

चौथी गोष्ट, दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती कपाटात ठेवायची. संगणक बिघडला, कुणी काही पुसलं, तरी चाळीस घरांचं दूध कागदावरून उडून जाऊ नये.

आणि इतकं करूनही कधी बाण ओळखीचा वाटला नाही, तर विचार करत बसू नका. आधी इंटरनेटची वायर उपटा. बाण जागच्या जागी थांबेल. मग १९३० ला फोन लावा, बँकेला कळवा, पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या यंत्रावरून. वायर उपटल्यानं नुकसान काहीच होत नाही, ती पुन्हा लावता येते.

बंधूंनो, आपली पोरं तुर्भ्याला गेली, पुण्याला गेली, कुणी परदेशी गेली. आई-बाप आणि संगणक गावात राहिले. लांबून का होईना, पोराचा हात घरच्या कामाला लागतो, ही लहान गोष्ट नाही. पंपासाठी रात्री बांध तुडवणाऱ्या आपल्या वडिलांना ही सोय मिळाली असती तर त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली असती. आपणही घ्यावी. फक्त ती लावून देणाऱ्या पोरांना माझं एक सांगणं आहे. सणाला गावी याल तेव्हा अर्धा दिवस काढा. आई-बापाला कुठलं बटण दाबायचं ते शिकवता, तसं कुठलं दाबायचं नाही तेही शिकवा. फोनवर घाईनं सांगू नका, शेजारी बसून सांगा.

आबांचं केंद्र आजही चालू आहे. पगाराच्या दिवशी पहाटे बाण आपोआप हलतो, बिलं निघतात. संगणकाच्या कडेला त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवला आहे. अक्षर त्यांचंच, वेडंवाकडं. त्यावर लिहिलं आहे : "घरचा माणूस नंबर मागत न्हाई." दूध घालायला येणारं प्रत्येक माणूस ते वाचतं. तुम्हीही आपल्या घरी आणि ग्रामपंचायतीत असा एक पुठ्ठा लावा. त्याला खर्च काहीच नाही.